पहिल्या मजल्यावरचं वावर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, रिठदच्या सासुरवाडीत जेवता जेवता हरीओम एवढंच म्हणाला, की दोडका जरा जून निघाला. भाजी उत्तम होती, तिला तेल सुटलेलं होतं आणि त्यानं ती दोनदा मागून घेतली होती. पण सरकारी नोकरीत अठरा वर्षं काढलेल्या माणसाला कुठल्याही गोष्टीवर शेरा मारल्याशिवाय हात धुता येत नाहीत. समोरच्या पाटावर सासरे जानराव बसले होते. त्यांनी तोंडातला घास नीट संपवला आणि म्हणाले, "जवाईबुवा, तुमचं पीक कागदावर उगवते. ताटातलं आमाले पाहू द्या."

पंगतीत सगळे हसले. हरीओमची बायको ज्योत्स्ना वाढत होती, तीही हसली, आणि हे त्याला जास्त लागलं.

हरीओम वाशीमच्या एका सरकारी कचेरीत शेतीच्या टेबलावर बसे. तालुक्यातलं अर्धं सोयाबीन त्याच्या शिक्क्याखालून गेलेलं होतं. कुठल्या गावात किती हेक्टर तूर, हे तो दोन दशांश स्थळांपर्यंत सांगू शके. फक्त तूर समोर उभी केली तर ओळखू शकत नसे. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यानं जानरावांच्या तुरीत उभं राहून सोयाबीनची तोंडभर तारीफ केली होती. ती हकिगत जानराव गेली सतरा वर्षं पाहुण्यांना चहाबरोबर देत आले होते. साखर कमीजास्त होई, हकिगतीत फरक पडत नसे.

तेव्हा हरीओमनं ताटावरून हात काढून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मामाजी, दसऱ्याले या. माझ्या घरात, माझ्या हातानं पिकवलेली भाजी तुमच्या ताटात वाढतो."

जानराव म्हणाले, की ते दसऱ्याला दरवर्षी येतातच, यंदा भुकेले येतील. एवढ्यावर विषय संपला आणि हरीओमच्या चाळीस दिवसांना सुरुवात झाली. भाजी नाही झाली, तर पाहुण्यांच्या चहाबरोबर पुढची सतरा वर्षं काय मिळणार, हे त्याला तिथंच दिसलं होतं.

भाजी घरात पिकवायची तर आधी घर सांगायला हवं. वाशीमला कस्तुराबाईंच्या घराच्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. खिडकी एक, आणि ती शेजारच्या भिंतीकडे पाहणारी. सकाळी अर्धा तास त्या भिंतीवर ऊन पडे, आणि त्यातलं जे उरेल ते खिडकीतून आत येई. वर गच्ची होती, पण तिला कस्तुराबाईंचं कुलूप होतं. मागच्या भाडेकरूनं तिथं त्यांच्या कुरडयांवरून सायकल नेली होती, तेव्हापासून गच्ची हा विषय त्या घरात काढायचा नसतो. म्हणजे जे काय व्हायचं ते आतच, कपाट, पलंग आणि कूलर यांच्यामधल्या जागेत.

माती मात्र अस्सल हवी, असं हरीओमनं ठरवलं. सासऱ्यांकडे मागायची तर आधीच हरल्यासारखं दिसलं असतं. म्हणून त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला जातो म्हणून सांगितलं, आणि जानरावांच्याच वावरात विहिरीजवळच्या धुऱ्यावरून खताच्या रिकाम्या पोत्यात काळी माती भरून घेतली. शेतीखात्याच्या माणसानं सासऱ्याच्या बांधावरून माती चोरावी, याची त्याला लाज वाटली नाही असं नाही, पण पोतं तोवर भरलं होतं.

एसटीत कंडक्टरनं पोत्यात काय आहे ते विचारलं. माती, हरीओम म्हणाला. कंडक्टरनं पुन्हा विचारलं. रिठदहून वाशीमला माती नेणारा माणूस त्यानं नोकरीत पाहिलेला नव्हता. सामानाच्या यादीत धान्य होतं, भाजीपाला होता, कोंबड्यासुद्धा होत्या, पण माती नव्हती. मातीला धान्याचं तिकीट लावावं की आणखी कशाचं, यावर पुढच्या तीन थांब्यांपर्यंत गाडीत मतं पडत राहिली. खिडकीशी बसलेल्या एका म्हातारीनं कोणाची तरी रक्षा चालली असं समजून पोत्याला हात जोडले, आणि मग शेजारच्या दोघींनीही जोडले. हरीओमनं खुलासा केला नाही, कारण त्यामुळे तिकिटाचा वाद तरी थांबला.

बियाण्याचा प्रश्न त्याच्या मते सोपा होता. त्याच्याच कचेरीत परसबागेसाठी बियाण्याची पाकिटं येत आणि ती देण्याचं टेबल त्याचंच होतं. सोमवारी सकाळी त्यानं अर्ज लिहिला, टेबलाच्या पलीकडे जाऊन दिला, अलीकडे येऊन घेतला आणि त्यावर आवक शिक्का मारला. मग कागद तपासायला लागला. आठ-अचा उतारा जोडलेला नव्हता. परसाचा जागेवरून काढलेला फोटो नव्हता. घरमालकाचं ना-हरकत पत्र नव्हतं. आजवर असल्या अर्जांना त्यानं शेकड्यांनी परत पाठवलं होतं. तालुक्यातले लोक तर त्याला नावानं ओळखत, ते याच कारणासाठी. आता स्वतःचा अर्ज म्हणून डोळेझाक केली, तर त्या शेकडो लोकांना काय तोंड दाखवणार? त्यानं लाल शाईनं त्रुटी काढल्या आणि सात दिवसांत पूर्तता करण्याचं पत्र अर्जदाराच्या पत्त्यावर टपालानं रवाना केलं.

पत्र चौथ्या दिवशी घरी आलं. ज्योत्स्नानं सही करून घेतलं. हरीओमनं कचेरीतून येऊन ते उभ्या उभ्या वाचलं, आणि त्याला त्या टेबलावरच्या माणसाचा मनापासून राग आला. भाषा उद्धट होती. अर्जदाराची अडचण काय असेल, याचा विचार एका ओळीत नव्हता. ज्योत्स्नानं कोणाचं पत्र म्हणून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "हाय एक येडा, आमच्या कचेरीतला." मग तो बाजारात गेला आणि दुकानातून बी विकत आणलं.

पेरणीला तेलाचे दोन डबे, तीन बादल्या, आइस्क्रीमचे रिकामे डबे आणि कूलरची टाकी इतकी जमीन उपलब्ध झाली. हरीओमनं प्रत्येकाला गट नंबर दिला आणि एका जुन्या वहीत पीकपेरा लिहिला: गट एक, टमाटे, गट दोन, वांगी, आणि असं करत गट सात, कूलरची टाकी, मेथी. वही फार सुरेख झाली. ती पाहून कोणालाही वाटलं असतं, की या गावात यंदा सुकाळ आहे.

सल्ला द्यायला शेजारी उकंडराव होते. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, घरात एकटे, आणि आयुष्यभर चालत्या गाडीत लोकांना आत सरका म्हणून सांगितल्यामुळे सांगायची सवय सुटलेली नव्हती. त्यांचं पहिलं मत असं, की काळी माती डब्यात चालत नाही. पाणी घातलं की चिखल आणि वाळली की वीट. हरीओमनं ऐकलं नाही. आठव्या दिवशी गट दोनला बोट जाईल अशी भेग पडली आणि तिच्यात ज्योत्स्नाचा चहाचा चमचा गेला, तो अजून निघालेला नाही. मग उकंडराव म्हणाले, की तंबाखूचं पाणी मारा. खालून कस्तुराबाईंनी कळवलं, की आंबट ताक मारा. हरीओमला दोघांचंही मन मोडवेना, त्यानं दोन्ही एकाच दिवशी मारलं. त्या वासानं ज्योत्स्ना दोन रात्री स्वयंपाकघरात झोपली.

टमाट्याची रोपं उजेडाच्या शोधात खिडकीकडे पळत सुटली. पांढुरकी, दोऱ्यासारखी बारीक, हातभर लांब झाली आणि एका सकाळी सगळी एका बाजूला आडवी पडली. हरीओमनं त्यांना उदबत्तीच्या काड्यांचे टेकू दिले. वरती मोठा बल्ब लावला. उकंडरावांनी झाडालाही झोप लागते म्हणून तो बंद केला. वांग्याला वीस दिवसांत तीन पानं आली, त्यातलं एक पडलं. कोथिंबीर तर उगवलीच नाही, कारण धने रगडून दोन फाकी करून पेरायचे असतात, हे तालुक्याला परिपत्रकातून कळवणाऱ्या हरीओमला स्वतःला ठाऊक नव्हतं. परिपत्रक त्यानं पाठवलं होतं, वाचलं नव्हतं.

दर रविवारी जानरावांचा लेकीला फोन येई. पाऊसपाणी, म्हशीचं दूध, कोणाचं लग्न ठरलं, असं सगळं झालं की शेवटी ते विचारत, "अन् भाजी काय म्हनते?" ज्योत्स्ना नवऱ्याकडे पाही. हरीओम खुणेनं सांगे, की चांगली म्हणते.

पण मेथी खरोखर आली. कूलरच्या टाकीत ती बोटभर झाली, चार बोटं झाली, आणि हरीओम कचेरीतून येऊन तिच्यासमोर खुर्ची टाकून बसू लागला. दसऱ्याला अजून बारा दिवस होते. मेथी पुरेल का, एवढाच प्रश्न होता; ती आणि मुगाची डाळ मिळून जानरावांच्या ताटात एक पळी नक्की झाली असती.

त्या आठवड्यात गावात डेंग्यूची पाहणी निघाली. रामीबाई नावाच्या बाई हातात टॉर्च आणि रजिस्टर घेऊन घरोघरी साठलेलं पाणी शोधत येत. कूलरची टाकी हा त्यांचा जुना वैरी. त्या आत आल्या, टाकीत टॉर्च मारला, मुळाशी साचलेल्या पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या हरीओमला दाखवल्या, आणि बाटलीतलं औषध टाकीत, बादल्यांत, डब्यांखालच्या ताटल्यांत, सगळीकडे ओतलं. हरीओमनं ही मेथी आहे, हे दोनदा सांगितलं.

"मेथी हाय का गवत हाय, मले घेनं नाई," रामीबाई म्हणाल्या. "पानी दिसलं की औषध टाकाचं, असा नियम हाय. आता हे खाऊ नोका. अन् उघडं पानी यापुढं घरात दिसू देऊ नोका."

त्यांनी दारावर खडूनं तारीख घातली आणि रजिस्टरवर सही घेतली. हरीओमला वाद घालायचा होता, पण रजिस्टरचे रकाने पाहून त्याचा धीर झाला नाही. बाई नियमानं वागल्या होत्या. त्यांच्या जागी तो असता तर त्यानंही हेच केलं असतं, आणि वर पत्र पाठवलं असतं. मेथी उपटून टाकताना मात्र तो सर्दी झाल्यासारखं नाक ओढत राहिला.

दसऱ्याला दहा दिवस उरले. दहा दिवसांत काय येतं, हे तो मोबाइलवर शोधत बसला आणि त्याला एका बंगल्यातल्या बाईंचा व्हिडिओ सापडला. बाई सांगत होत्या, की साधं घरातलं धान्य दाट पेरायचं, ऊन लागत नाही, नऊदहा दिवसांत वीतभर कोवळा पाला येतो, तो कापून कोशिंबिरीत घालायचा, अतिशय पौष्टिक. पाणी वरून द्यायचं नाही. मधे एक कच्चं मडकं ठेवून त्यात पाणी भरायचं, म्हणजे ते झिरपत राहतं. हरीओमला हे शास्त्रशुद्ध वाटलं. त्यानं दुसऱ्याच दिवशी सकाळी कचेरीत जाण्याआधी कामाला हात घातला.

ज्योत्स्नानं यापुढे घरातलं एकही भांडं मातीला देणार नाही, असं सांगितलं आणि बांबूची टोपली काढून दिली. टोपलीतून माती गळू नये म्हणून हरीओमनं खाली पत्रावळ घातली. पोत्यात उरलेली धुऱ्यावरची माती चाळून पसरली. डब्यांतून गहू, हरभरा, मूग, मेथी आणि तीळ अशी पाच धान्यं काढून दाट पेरली. मधे मडकं ठेवून पाण्यानं भरलं. उघडं पाणी दिसलं तर रामीबाई परत येतील, म्हणून मडक्याच्या तोंडावर झाकण हवं होतं. ताटली बसेना, तेव्हा घरात होता तो नारळ बसवला. आता ठेवायचं कुठं? घरात रामीबाईंचा टॉर्च पोचणार नाही अशी जागा एकच, देवघराखालची. ज्योत्स्ना त्या वेळी देवाला दिवा लावत होती. ती थोडा वेळ टोपलीकडे आणि थोडा वेळ नवऱ्याकडे पाहत राहिली आणि मग तिनं वात सारखी केली. हरीओमनं वहीत गट आठ लिहिला आणि तो कचेरीला गेला.

संध्याकाळी तो परत आला, तर जिन्याच्या पायऱ्यांवर बायकांच्या चपलांचे अकरा जोड होते. घरात आरती चालू होती. सगळ्यात वरच्या पायरीवर, उंबऱ्याच्या बाहेर, कस्तुराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या.

हरीओमनं आत डोकावलं. टोपलीला हळदीकुंकू लागलं होतं. वर झेंडूची माळ टांगली होती. शेजारी मोठी समई तेवत होती. तेव्हा कुठं त्याला कळलं, की आज नवरात्राचा पहिला दिवस आहे आणि आपण सकाळी, कुठल्या ब्राह्मणाला विचारल्याशिवाय, अगदी यथासांग घट बसवलेला आहे. त्याच्या घराण्यात घट बसत नसे. लहानपणापासून त्यानं घट पाहिले ते दुसऱ्यांच्या घरी, प्रसाद घेताना, आणि त्या वेळी लक्ष प्रसादाकडे असे.

कस्तुराबाईंनी त्याला जवळ बोलावलं. त्यांचे चुलतदीर दोन दिवसांपूर्वी केनवडला वारले होते. वय झालेलं होतं, त्यांचं दुःख फार नव्हतं. दुःख सुतकाचं होतं. "हरीभाऊ," त्या म्हणाल्या, "एकेचाळीस वर्सात माहा घट चुकला नाई. औंदा चुकला म्हनून मी दोन दिवस जेवली नाई. अन् तुमी काई न सांगता माह्याच घरात घट मांडला. देवीनं तुमच्या हातून करून घेतलं."

हरीओमनं तोंड उघडलं. ही कोशिंबीर आहे, हे वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. मग त्यानं त्या म्हाताऱ्या बाईचे रडून लाल झालेले डोळे पाहिले आणि तो म्हणाला, "हो." त्या दिवसात त्यानं केलेलं हे एकच काम त्याला पुढंही बरोबर वाटलं.

पुढचे नऊ दिवस त्या दोन खोल्या त्याच्या राहिल्या नाहीत. ज्यानं घट बसवला त्यानं नऊ दिवस धरायचे असतात, हे कस्तुराबाईंनी उंबऱ्याबाहेरून ठरवून टाकलं. त्यामुळे हरीओम सकाळ-संध्याकाळ भगर आणि साबुदाणा खाऊ लागला. दिवा विझता कामा नये म्हणून पंखा बंद झाला. रोज संध्याकाळी बायका येत, तेव्हा तो जिन्यात उकंडरावांशेजारी बसून राही. उकंडराव त्याला समईची वात किती जाड हवी ते सांगत. ज्योत्स्ना मात्र खुशीत होती. इतक्या वर्षांत तिच्या घरी इतकी माणसं आली नव्हती. तू सकाळीच का सांगितलं नाहीस, असं त्यानं तिला विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली, "मले वाटलं तुमी समजून करून राह्यले."

आणि पीक आलं. टोपलीला हात लावायचा नाही, असा दंडक होता. तंबाखू नाही, ताक नाही, माती उकरून कोंब निघाला का ते पाहणं नाही. तिसऱ्या माळेला कोंब दिसले. पाचव्या माळेला चार बोटं झाले. सातव्या माळेला टोपलीतून पिवळसर हिरवा दाट तुरा वीतभर वर आला होता आणि मडकं दिसेनासं झालं होतं. गल्लीतल्या बायका असा घट पाहिला नाही म्हणत होत्या. हरीओम जिन्यातून मान लांबवून पाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातचं काही उगवलं होतं, आणि त्यातली एक काडीही कापायची सोय नव्हती. अभिमान वाटावा की जीव जळावा, हे त्याला ठरवता येत नव्हतं. दोन्ही होत होतं.

आठव्या दिवशी दुपारी तो अर्ध्या रजेवर घरी आला. ज्योत्स्ना फुलं आणायला गेली होती. भिंतीकडच्या बाजूनं मूठभर काढलं तर कोणाला कळणार, असा हिशेब करून त्यानं कात्री घेतली आणि टोपलीपुढं गुडघे टेकले. तेवढ्यात मागून कस्तुराबाईंचा आवाज आला. त्या तेलाची बाटली घेऊन उंबऱ्याशी उभ्या होत्या.

"वातीची काजळी काढून राह्यले का?" त्या कौतुकानं म्हणाल्या. "असं ध्यान कोन ठेवते आजकाल? जपून काढा, दिवा जाईन."

हरीओमनं जपून काजळी काढली. मग कात्री जागेवर ठेवली.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी, सुतक फिटलेलं, कस्तुराबाई न्हाऊन धुऊन पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत आल्या. त्यांनी घटाची पूजा केली आणि तो हलवला. त्याच वेळी रिठदची गाडी आली असावी, कारण जानराव पांढरी टोपी, धुतलेलं धोतर आणि हातात पिशवी अशा थाटात जिना चढून आले. पिशवी त्यांनी लेकीच्या हातात दिली. तिच्यात आपट्याची पानं होती आणि खाली पाच कोवळे दोडके. वेळ आली तर असू द्या म्हणून आणले, असं ते म्हणाले, आणि तसं म्हणताना त्यांनी जावयाकडे पाहिलं नाही.

मग त्यांना घट दिसला. त्यांनी टोपी काढली, खाली बसले आणि टोपलीपुढं डोकं टेकवलं. हरीओम मागं उभा होता. सासरा आपल्या पिकापुढं नाक घासतो आहे, या दृश्यासाठी त्यानं सतरा वर्षं काहीही दिलं असतं. आता ते समोर होतं आणि त्याला नजर कुठं ठेवावी ते कळत नव्हतं.

जानराव उठले ते शेतकऱ्याच्या नजरेनं टोपली पाहत. घटावरून रब्बी कशी येईल ते पाहायची त्यांच्याकडं रीत होती. गहू दाटला आहे, हरभराही चांगला फुटला आहे, असं ते स्वतःशीच पुटपुटले. मग त्यांनी विचारलं, की हे पेरलं कोणी. ज्योत्स्नानं नवऱ्याकडं बोट दाखवलं. जानरावांनी जावयाकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पुन्हा टोपलीकडं पाहिलं. कस्तुराबाईंनी तुरे उपटले, एक जाडसर तुरा जानरावांच्या टोपीत खोचला, एक हरीओमच्या कानावर ठेवला आणि उरलेले गल्लीत वाटायला त्या खाली निघून गेल्या.

पानं पडली. पुरणपोळी, कढी, वडे आणि दोडक्याची भाजी होती. जानरावांनी सगळ्या ताटावरून नजर फिरवली.

"दोडका माहा हाय," ते म्हणाले. "तुमची भाजी कुठी हाय, जवाईबुवा?"

ज्योत्स्ना वाढायची थांबली. हरीओमनं भाजी उंदरांनी खाल्ली असं सांगायचं ठरवून ठेवलं होतं, उंदरांची संख्याही ठरवली होती. पण नऊ दिवस भगर खाल्लेल्या माणसाला खोटं बोलायला लागणारी ताकद उरत नाही.

"तुमच्या टोपीत हाय, मामाजी," तो म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगून टाकलं. टमाटे, वांगी, रामीबाई, बंगल्यातली बाई, मडकं, नारळ, चपलांचे अकरा जोड. सांगता सांगता मातीचंही सांगून झालं. जानरावांनी एका शब्दानं मधे तोडलं नाही. शेवटी त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तुरा हातात घेतला.

"माती कोन्या वावरातली म्हनले?"

"तुमच्याच. हिरीजवळच्या धुऱ्यावरची."

"इचारलं होतं?"

"नाई."

जानरावांनी तुरा उजेडाकडं धरून पाहिला. मग म्हणाले, "मंग हे बटईचं झालं. वावर माहं, मेहनत तुमची. आर्धं माहं, आर्धं तुमचं."

आणि त्यांनी तो तुरा बोटांत धरून काड्या वेगळ्या केल्या. एका बाजूला जास्त जाऊ नये म्हणून एक काडी मधोमध मोडली. अर्ध्या काड्या त्यांनी हरीओमच्या ताटात, मिठाच्या शेजारी, नीट ठेवल्या. उरलेल्या कपाळाला लावल्या, पुरणपोळीच्या तुकड्यात गुंडाळल्या आणि तोंडात टाकल्या. हरीओम त्यांच्या जबड्याकडं पाहत राहिला. जानराव चावत होते, आणि बराच वेळ चावत होते.

"जून निघालं जरा," ते म्हणाले.

हरीओमनं आपला हिस्सा खाल्ला. खरंच जून होतं, दाताखाली दोरे येत होते, आणि मेथी कडू होती. त्यानं सगळं गिळलं आणि मग दोडक्याची भाजी दोनदा मागून घेतली. तिच्यावर शेरा मारला नाही.

दुपारी कस्तुराबाई परत वर आल्या. गल्लीत सगळ्यांना तुरे पुरले, असं त्यांनी सांगितलं. आणि घट एकदा बसला की दरसाल बसवा लागतो, तेव्हा पुढल्या वर्षी दोघं मिळून बसवू, एक खाली आणि एक वर, असंही सांगितलं. हरीओम काही बोलायच्या आत जानरावांनी मान डोलावली. बाईंची पाठ वळल्यावर ते हळूच म्हणाले, की कोशिंबिरीचं यांना कधी सांगू नका.

गाडीची वेळ झाली तेव्हा हरीओम त्यांना सोडायला स्टँडवर गेला. गाडी लागली, जानराव चढले, खिडकीची जागा धरून बसले आणि बाहेर उभ्या जावयाकडं वाकले.

"धुऱ्यावरची माती घेऊ नोका," ते म्हणाले. "नुसते गोटे हायेत तिथी. पुढच्या सालची मी आनतो, मधातल्या वावरातली."